अडतीस लाखांचे येणे नेमके कोणाकडे होते?
विदर्भातील एका तालुका रुग्णालयाच्या योजना-दाव्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक न्यासाने चालवलेले तीस खाटांचे रुग्णालय आहे. त्यात सहा खाटांचा अतिदक्षता विभाग आहे आणि दोन व्हेंटिलेटर आहेत. रुग्णालयाची व माणसांची ओळख पटू नये म्हणून नावे गाळली आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत. मी त्या काळात न्यासाचा मानद कोषाध्यक्ष होतो, त्यामुळे पुढे येणाऱ्या चुकांपैकी काही माझ्या स्वतःच्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

रुग्णालयाचे निम्म्याहून अधिक उत्पन्न शासकीय आरोग्य योजनेतून येत होते. राज्यात ही व्यवस्था जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि त्या आठांत विदर्भातील अमरावती व गडचिरोली होते. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. केंद्राच्या यादीतील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आणि केवळ राज्याच्या यादीतील कुटुंबाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेबरोबरच, शेतकरी आत्महत्यांमुळे वेगळ्या काढलेल्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून लाभ घेता येई. त्या चौदांपैकी सहा जिल्हे विदर्भातले होते आणि यवतमाळ त्यांपैकी एक होता. प्रस्तुत प्रकरण २०२२ व २०२३ या दोन हंगामांचे आहे.

हंगाम हा शब्द मुद्दाम वापरतो. आमच्याकडे रुग्णालयाचे वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, ते मृगाला सुरू होते. पाऊस पडला की सर्पदंश येतात, ऑगस्टपासून कपाशीवरच्या फवारणीची विषबाधा येते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत कोणाच्याही घरात पैसा नसतो, कारण कापूस अजून झाडावरच असतो. म्हणजे सर्वांत खर्चीक रुग्ण येतात तेव्हा रोखीने पैसे देणारे रुग्ण सर्वांत कमी असतात, आणि सगळी भिस्त योजनेच्या पैशांवर राहते.

योजनेचा पैसा कसा येतो

रुग्ण आला की आरोग्यमित्र, म्हणजे योजनेने रुग्णालयात नेमलेला मदतनीस, त्याची शिधापत्रिका व ओळखपत्र पाहून नोंदणी करतो. त्यानंतर उपचाराची पूर्वपरवानगी मागितली जाते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून भरता येतात. सुटी झाल्यावर सर्व नोंदी, तपासण्यांचे अहवाल आणि फोटो संगणकावर चढवून दावा दाखल होतो, तपासणारे डॉक्टर तो पाहतात, काही कमी असेल तर प्रश्न काढतात, आणि समाधान झाले की रक्कम मंजूर होते. रुग्णाकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. प्रत्येक उपचारासाठी ठरलेल्या एकरकमी पॅकेजात खाट, औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे भाडेसुद्धा धरलेले असते.

यातील दोन गोष्टी आमच्या विश्वस्तांना बरीच वर्षे नीट समजलेल्या नव्हत्या. पहिली अशी की आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून मुक्त असल्यामुळे रुग्णालय औषधांवर व साहित्यावर जो कर भरते तो त्याला कुठेही वळता करता येत नाही. म्हणजे खरेदीवरचा कर हा सरळ खर्चच असतो, आणि पॅकेजची रक्कम मात्र ठरलेली असते. दुसरी अशी की दाव्याची रक्कम खात्यावर येताना त्यातून १० टक्के आयकर कापला जातो. आमचा न्यास करमुक्त असल्याने तो पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत तो हातात नसतो. वर्षाला सुमारे १ कोटी ४० लाखांचे दावे मंजूर होत असल्याने १४ लाख रुपये कायमचे असे बाहेर फिरत राहत. दीड महिन्याच्या पगाराएवढी ही रक्कम होती.

अडचण

ऑगस्ट २०२२ मध्ये, पोळ्याच्या आठवड्यात, औषधांच्या वितरकाने उधारीवर सर्पविषरोधक लस देणे थांबवले. त्याचे ११ लाख थकले होते आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ताळेबंदात योजनेकडून येणे ३८ लाख दिसत होते. महिन्याचा पगार ९ लाखांचा होता आणि बँकेत सव्वा लाख शिल्लक होते.

विश्वस्तांच्या बैठकीत सगळ्यांचे एकमत होते की सरकारकडे आपले ३८ लाख अडकले आहेत. मीही तसेच मानत होतो. शासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मीच लिहिला आणि त्यात ‘शासनाकडे थकीत’ हे शब्द दोनदा वापरले. सुदैवाने ते निवेदन गेले नाही.

त्याच पंधरवड्यात एक गोष्ट घडली, आणि ती आम्हाला आधी कळायला हवी होती. रात्रपाळीच्या फार्मासिस्टने सर्पदंशाच्या तीन रुग्णांच्या नातेवाइकांना लशीच्या कुप्या बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितल्या. कपाटात कुप्या नव्हत्या आणि रुग्ण समोर होता, त्यामुळे त्या माणसाला दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. पण योजनेच्या रुग्णाकडून हा खर्च करवून घेणे हा सरळ नियमभंग होता. त्यांपैकी एकाच्या भावाने तक्रार केली. कुप्यांसाठी त्याने कृषी केंद्रवाल्याकडून हातउसने पैसे आणले होते. आम्ही पैसे परत द्यायला त्याच्या गावी गेलो तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला: “फुकट हाये म्हने, मंग पैसे काहून घेतले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. तिघांचेही पैसे परत केले.

चार ढीग

तक्रारीमुळे एक उपयोग झाला. ३८ लाख कोणाकडे, कोणत्या रुग्णाचे आणि किती दिवसांपासून आहेत, हे कोणीही सांगू शकत नाही, ही गोष्ट उघड झाली. संगणकातील यादी आणि हिशेबाची वही जुळत नव्हती. मी आणि दाव्यांचे काम पाहणारा लिपिक यांनी फिजिओथेरपीच्या खोलीत सतरंजी टाकून दोन दिवस फायली वेगळ्या केल्या. चार ढीग झाले.

पहिल्या ढिगात १४ लाखांच्या अशा फायली होत्या ज्यांचे दावे आम्ही दाखलच केलेले नव्हते. कुठे सुटीच्या कागदावर डॉक्टरांची सही नव्हती, कुठे क्ष-किरणाची प्रत नव्हती, कुठे पोलिसांना दिलेल्या सूचनेची पोच नव्हती. दुसऱ्या ढिगात ११ लाखांचे दावे होते, ज्यांवर प्रश्न आले होते आणि उत्तर आमच्याकडून जायचे होते. तिसऱ्यात ४ लाखांचे नाकारलेले दावे होते. चौथा ढीग समोरच्या बाजूला, म्हणजे योजनेकडे, खरोखर पडून असलेल्या रकमेचा होता, आणि ती ९ लाखांची होती.

प्रधानमंत्री योजनेच्या नियमांत राज्यातील रुग्णाचा दावा १५ दिवसांत निकाली काढण्याची मुदत आहे. आम्ही ते १५ दिवस रुग्ण घरी गेल्यापासून मोजत होतो. ते सुरू होतात पूर्ण दावा दाखल झाल्यापासून, आणि १४ लाखांच्या बाबतीत तो दिवस उगवलेलाच नव्हता.

एक फाइल जवळून

दुसऱ्या ढिगातील एक फाइल इथे सविस्तर मांडतो, कारण बाकीच्या बहुतेक फायली थोड्याफार फरकाने तशाच होत्या.

मजुरी करणारी चौतीस वर्षांची बाई जुलैच्या एका रात्री जमिनीवर झोपलेली असताना तिला मण्यार चावली. घरचे तिला तीनच्या सुमारास घेऊन आले. आमच्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत, म्हणून दारात त्यांनी ‘पान लागलं’ एवढेच सांगितले. पापण्या जड झाल्या होत्या आणि थोड्याच वेळात श्वास कमी पडू लागला. तिला व्हेंटिलेटर लावला, लस दिली, तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि सातव्या दिवशी ती चालत घरी गेली. उपचारात बोट ठेवण्यासारखे काही नव्हते.

फायलीत मात्र सुटीच्या कागदावर २० कुप्या लिहिल्या होत्या, औषधांच्या तक्त्यावर १८ आणि औषध भांडाराच्या नोंदीत पुन्हा २०. व्हेंटिलेटर सुरू झाल्याची वेळ सिस्टरांच्या नोंदीत पहाटे ४.१० होती आणि डॉक्टरांच्या नोंदीत नुसते ‘सकाळी’ होते. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते का हे पाहण्याची चाचणी केली होती, पण तिचा निकाल चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून खाटेच्या कठड्याला लावला होता, आणि खाट पुसताना तो तुकडा गेला. व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा फोटो एका डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये होता आणि त्यांनी तो मोबाइल बदलला होता. त्यात तिचे नाव शिधापत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे होते. ते निस्तरण्यातच ४१ दिवस गेले.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी कुप्यांच्या संख्येतील फरक आणि व्हेंटिलेटरचा पुरावा यांबद्दल विचारले होते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारले असते.

इथे एक निर्णयाचा क्षण आला. लिपिकाने सुचवले की तक्ता नवा लिहून १८ चे २० करावेत. त्याचा हेतू वाईट नव्हता, कारण २० कुप्या खर्च झाल्या हे खरेच होते. पण त्या रात्रीच्या सिस्टरांना बोलावून विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की लशीची भुकटी लवकर विरघळत नाही, ती हलवायची नसते, हळूहळू फिरवावी लागते, आणि त्या धांदलीत दोन कुप्या हातातून पडून फुटल्या. म्हणजे तिन्ही नोंदी आपापल्या जागी अर्धवट खऱ्या होत्या. आम्ही जुन्या तक्त्याला हात लावला नाही. जे घडले ते वेगळ्या कागदावर लिहिले, त्यावर चालू तारीख घातली, डॉक्टर व सिस्टर दोघांनी सही केली, आणि रक्तातील वायूंच्या तपासणीचे छापील अहवाल वेळांसह जोडले. काही रक्कम कापून दावा मंजूर झाला. कापलेली रक्कम फुटलेल्या कुप्यांपेक्षा जास्त होती, आणि ती आम्ही मुकाट्याने सोडून दिली.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरच्या बैठकीत पाच पर्यायांवर चर्चा झाली.

योजनेतून बाहेर पडावे, असे दोन विश्वस्तांचे मत होते. रोखीच्या रुग्णांवर तीस खाटा भरणार नाहीत हे आकड्यांवरून दिसत होते, आणि आमच्याकडे येणारा माणूस यवतमाळ, सेवाग्राम किंवा नागपूरला पोहोचेपर्यंत मण्यारीचे विष थांबत नाही. हा पर्याय तासाभरात मागे पडला.

दुसरा पर्याय अधिक मोहात पाडणारा होता. योजनेत राहायचे, पण मूतखड्यासारख्या ठरवून करायच्या शस्त्रक्रियाच घ्यायच्या आणि विषबाधा व सर्पदंश पुढे पाठवायचे. हिशेबाने यात फायदा होता, हे मी कोषाध्यक्ष म्हणून मांडलेही. शस्त्रक्रियेचा खर्च आधी कळतो, कागद दिवसाउजेडी तयार होतात, आणि प्रश्न कमी येतात. याला विरोध केला तो भूलतज्ज्ञांनी. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, तेव्हा जिल्हा रुग्णालयाची अवस्था त्यांनी पाहिली होती. त्यांनी फारसे भाषण केले नाही. त्या रुग्णांना पुढे पाठवण्याच्या कागदावर आपली सही मिळणार नाही, एवढेच म्हणाले. मतदान झाले नाही.

तिसरा पर्याय बँकेकडून ओव्हरड्राफ्ट घेण्याचा होता. मात्र आपलाच दाखल न केलेला दावा तारण आहे असे समजून व्याज भरण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याची मर्यादा ८ लाखांवर ठेवली. चौथा पर्याय म्हणजे टक्केवारीवर दावे भरून देणारी बाहेरची संस्था नेमणे. मंजूर रकमेवर टक्केवारी मिळणाऱ्याला फाइल पूर्ण करण्यापेक्षा फाइल ‘सजवण्या’त रस निर्माण होऊ शकतो, आणि सही आमच्या डॉक्टरांची राहते, या कारणाने तो नाकारला. पाचवा पर्याय घरातली व्यवस्था दुरुस्त करण्याचा होता. तो सर्वांना पटला, बहुधा त्याला पैसे लागत नव्हते म्हणून.

याशिवाय एका विश्वस्तांनी असे सुचवले की नाकारलेले ४ लाख निर्धन रुग्ण निधीत दाखवावेत. धर्मादाय रुग्णालयाला एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम या निधीत ठेवावी लागते आणि १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. आपल्या चुकीने बुडालेला दावा मागाहून ‘मोफत उपचार’ म्हणून दाखवणे हे त्या निधीतून खऱ्या निर्धन रुग्णाचा वाटा काढून घेण्यासारखे होते. ही सूचना इतिवृत्तातही घेतली नाही. आता वाटते, घ्यायला हवी होती आणि नाकारल्याचे लिहायला हवे होते.

काय केले

सुरुवात वॉर्डातून केली. दाव्याचा कागद लिपिकाच्या खोलीत तयार होतो असा समज होता, पण प्रत्यक्षात तो रात्री साडेतीनला खाटेशेजारी तयार होत असतो, आणि तेव्हा तिथे एक सिस्टर आणि एक मावशी असतात. म्हणून सर्पदंश व विषबाधेसाठी एकच पुठ्ठ्याची पाटी केली. तिला बॉलपेन दोरीने बांधले, वर चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळा लिहिण्याचे रकाने छापले, आणि वीस मिनिटांच्या चाचणीचा निकाल, दिलेल्या कुप्या व वाया गेलेल्या कुप्या यांना स्वतंत्र जागा दिली. रिकाम्या कुप्यांची लेबले त्याच कागदाच्या मागे चिकटवायची असे ठरले. ही शेवटची कल्पना मावशींची होती, आणि सगळ्यांत उपयोगी तीच ठरली.

फोटोसाठी विभागाचा एक साधा मोबाइल घेतला, जो इमारतीबाहेर जात नाही. रोज दुपारी चार वाजता लिपिक, आरोग्यमित्र आणि एक वरिष्ठ सिस्टर दाखल रुग्णांच्या फायली पाहू लागले. त्यामुळे उणीव रुग्ण खाटेवर असतानाच कळू लागली आणि नातेवाइकांना शिधापत्रिकेसाठी गावी पाठवणेही वेळेत होऊ लागले. डॉक्टरांच्या सहीशिवाय सुटी नाही, असा नियम केला. तो पहिल्या आठवड्यातच मोडला, कारण घरी निघालेल्या रुग्णाला सहीसाठी बसवून ठेवणे कोणालाच जमले नाही. मग नियम उलटा केला: सही राहिली तर त्या डॉक्टरांच्या मानधनाची यादी माझ्याकडे येत नाही. यावरून कटुता आली आणि एका मानद शल्यचिकित्सकांनी आमच्याकडे येणे थांबवले.

आर्थिक बाजूने दोन कामे केली. सनदी लेखापालांच्या मदतीने आयकर कायद्याच्या कलम १९७ खाली कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवले. हा मार्ग पूर्वीपासून उपलब्ध होता आणि मला तो माहीत नव्हता. आणि वितरकाला ११ लाखांचे हप्ते लिहून दिले, त्या बदल्यात त्याने लशीच्या किमान ६० कुप्या कायम कपाटात राहतील एवढी उधारी सुरू केली.

परिणाम

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस येणे २१ लाखांवर आले. दाखल न केलेले दावे २ लाखांचे, आमच्या उत्तराची वाट पाहणारे ५ लाखांचे आणि नाकारलेले २ लाखांचे होते. समोरच्या बाजूकडे मात्र १२ लाख होते, म्हणजे वर्षापूर्वीपेक्षा ३ लाखांनी जास्त. आमच्या बाजूचा गाळ निघाल्यावर तिकडचा उशीर प्रथमच स्वच्छ दिसला, आणि या वेळी जिल्हा समन्वयकांकडे जाताना प्रत्येक दाव्याचा क्रमांक व दाखल केल्याची तारीख हातात होती. त्यांपैकी बरेच दावे दोन महिन्यांत निकाली निघाले.

त्या पावसाळ्यात कोणत्याही रुग्णाला कुपी बाहेरून आणावी लागली नाही. ओव्हरड्राफ्ट मात्र सुटला नाही. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये तो आजही वापरावा लागतो.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, येण्याचे चार भाग ताळेबंदात वेगळे दाखवायला हवे होते. ‘योजनेकडून येणे’ या एका ओळीने आम्हाला दोन वर्षे फसवले, आणि ती ओळ लिहिणारा मीच होतो. लेखापरीक्षकांनीही ती तशीच मान्य केली, कारण एकूण बेरीज बरोबर होती.

दुसरे, डॉक्टरांशी आम्ही मानधनाच्या धाकाने बोललो ते चुकले. जे शल्यचिकित्सक गेले त्यांच्या फायली मुळात बऱ्याच नीट असत. उशीर होई तो त्यांच्या आठवड्यातून एकदाच्या फेरीमुळे. तीच गोष्ट आधी त्यांच्यापुढे मांडली असती तर ते बहुधा राहिले असते. त्यांच्या जागी अजून कोणी मिळालेले नाही आणि हर्नियाचे रुग्ण यवतमाळला जातात.

तिसऱ्या गोष्टीवर अजून आमच्यात एकमत नाही. प्रत्येक आजाराचा खरा खर्च काढला तेव्हा दिसले की लांबलेल्या विषबाधेच्या रुग्णामागे पॅकेजपेक्षा खर्च जास्त होतो आणि तो शस्त्रक्रियांतून भरून निघतो. शल्यचिकित्सक गेल्यापासून हे भरून काढणारे उत्पन्न घटले आहे. मग ही तूट देणगीतून भरावी की शस्त्रक्रिया वाढवाव्यात, यावर दोन बैठका झाल्या आहेत.

जुलै २०२४ पासून योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू झाली आणि राज्याच्या यादीतील संरक्षणही ५ लाखांवर गेले. आमच्याकडे त्याचा अर्थ असा झाला की पूर्वी रोखीने येणारा पांढऱ्या शिधापत्रिकेचा दुकानदार व शिक्षकही आता योजनेतून येतो, त्यामुळे रोख उत्पन्न घटले आणि फायली वाढल्या. दाव्यांसाठी दुसऱ्या लिपिकाचे पद मंजूर केले आहे. ते अजून भरलेले नाही. तोवर चार वाजताची फेरी वरिष्ठ सिस्टर एकट्या करतात, आणि सुटीच्या दिवशी त्या घरून फोन करून पाटीवरील वेळा वाचून घेतात.